नगरचा माग, बेरियाचं दुकान

अमेरिकेत केंटकी राज्यात बेरिया नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथे १९२२ साली ‘चर्चिल वीव्हर्स’ नावाचा हातमागाचा उद्योग सुरू झाला. पांघरुणं, मफलर, बाळांची दुपटी असा माल. पुढे अमेरिकेतल्या नावाजलेल्या हातमाग-उद्योगांत त्याची गणना झाली आणि २००७ पर्यंत, म्हणजे तब्बल ८५ वर्षं, तो चालला. विणणारी माणसं आसपासच्या डोंगराळ भागातली होती. ज्या मागावर ती विणत, तो माग मात्र मुळात आपल्या अहमदनगरमध्ये, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, घडला होता.

डेव्हिड कॅरोल चर्चिल हे एमआयटीत शिकलेले अभियंते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते अमेरिकन मराठी मिशनच्या कामासाठी नगरला आले. मिशनचं नगरमधलं ठाणं १८३१ पासूनचं, त्यामुळे तोवर शाळा, चर्च, छापील पुस्तकं हे सगळं रुळलेलं होतं. धर्मप्रसार करणाऱ्या संस्थेला यंत्रं समजणारा माणूस का लागावा, याचं उत्तर १८९९-१९०० च्या दुष्काळात आहे. त्या दुष्काळात अनाथ झालेली मुलं मोठ्या संख्येने मिशनच्या आश्रयाला आली. त्यांना जेवू घालणं ही पहिली अडचण, आणि ती मोठी झाल्यावर काय करणार ही दुसरी. गावात परत जायचं तर जमीन नाही, बलुतं नाही, भाऊबंद विचारत नाहीत. म्हणून सुतारकाम, धातुकाम, विणकाम शिकवणाऱ्या शाळांवर मिशनने भर दिला. नगरमधल्या अशा एका औद्योगिक शाळेला मुंबईच्या सर दिनशॉ पेटिट यांचं नाव होतं.

आज ज्याला आपण ‘स्किल डेव्हलपमेंट’ म्हणतो ते हेच. हातात हुन्नर आला की माणूस स्वतःच्या पायावर उभा राहील, हा त्यामागचा विश्वास. दरवर्षी अर्थसंकल्पाच्या भाषणात तो नव्या नावाने ऐकू येतो.

नगर हे विणकरांचं गाव होतंच. साळी, कोष्टी आणि तेलंगणातून येऊन स्थायिक झालेले पद्मशाली इथे लुगडी विणत. माग खड्ड्यातला, धोटा हाताने एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फेकायचा. चर्चिल यांनी या मागाकडे अभियंत्याच्या नजरेने पाहिलं. विणकराचा वेळ कुठे जातो, कुठली हालचाल वाचवता येईल, गावातल्या सुताराला दुरुस्त करता येईल असा जलद माग कसा बांधता येईल, यावर त्यांनी नगरमध्ये कित्येक वर्षं काम केलं. वीज नको, इंजिन नको. माणसाच्या हातापायांच्या बळावर गिरणीच्या कापडापुढे टिकता आलं पाहिजे, ही अट. माझ्या धंद्यातल्या माणसाला ही गोष्ट वाचताना हेवा वाटतो. वापरणारा समोर बसलेला आहे, अडचण डोळ्यांना दिसते आहे आणि सुधारणा केली की संध्याकाळपर्यंत कापडाच्या लांबीत फरक कळतो.

जलद मागाने कापड वाढतं, यात शंका नव्हती. पण नगरचा विणकर सूत आणायचा व्यापाऱ्याकडून, उधारीवर. विणलेलं लुगडं द्यायचा त्याच व्यापाऱ्याला. मजुरी त्यातून वळती होऊन हातात पडायची. लुगडी लग्नसराईत खपत, पावसाळ्यात पडून राहत, आणि मंदीतले ते महिने काढायला पुन्हा व्यापाऱ्याचीच उचल. अशा माणसाने दिवसाला जास्त विणलं, तर जास्त सूत उधार घ्यावं लागणार आणि मंदीत जास्त माल पडून राहणार. नवा माग घ्यायलाही पैसे लागणारच. म्हणजे हात मोकळे झाले तरी व्यापाऱ्याची वही सुटत नव्हती. विसाव्या शतकात नगरच्या विणकरांनी धावता धोटा स्वीकारला, पण विणकर हा व्यापाऱ्यावर अवलंबून असलेला कारागीरच राहिला. पुढे यंत्रमाग आले, तसतसं नगरचं विणकाम आटत गेलं. पद्मशाली घरांतल्या बायकांनी विड्या वळून संसार ओढले. सावेडीतल्या श्रमिकनगरसारख्या वस्तीत आजही या इतिहासाची माणसं भेटतील.

आणि चर्चिल? ते पत्नी एलिनोर यांच्यासह अमेरिकेत परतले, बेरियाला आले आणि नगरमध्ये ज्यावर काम केलं होतं त्या धाटणीचे माग उभे करून स्वतःचा उद्योग काढला. माग आणि यंत्रं कॅरोल यांच्याकडे, मालाचं रूप आणि धंद्याची बाजू एलिनोर यांच्याकडे. इथे व्यापारी आणि विणकर असे दोन पक्ष उरले नाहीत. सूत त्यांचं, माग त्यांचे, गिऱ्हाईकही त्यांचंच. नगरमध्ये उद्योग शिकवायला आलेला माणूस केंटकीत उद्योजक झाला. तंत्र तेच, माणूसही तोच. बदललं ते एवढंच, की कुठला माल, किती विणायचा आणि कुणाला विकायचा हे ठरवण्याचा अधिकार आता त्याच्याकडे होता.

उद्योजकता शिकवता येते का, हा प्रश्न आपल्याकडे वादस्पर्धेत टाकून ‘होय’ आणि ‘नाही’ अशी टाळ्यांची भाषणं करायचा झाला आहे. मला वाटतं नगरची गोष्ट हा प्रश्न जास्त नेमका करते. काय शिकवलं, यापेक्षा ज्याला शिकवलं त्याच्या हातात निर्णय होता का, आणि पहिला फटका बसला तर तो कोण सोसणार होतं?

सावेडी हे हा प्रश्न विचारायला चांगलं ठिकाण आहे. नगरच्या वेशीबाहेरचं गाव शहरात आलं आणि दोन गोष्टींच्या मधोमध सापडलं. एका अंगाला शहरातली जुनी कॉलेजं, दुसऱ्या अंगाला मनमाड रस्त्यावर नागापूरची एमआयडीसी. वस्त्यांची नावं बघा, प्रोफेसर कॉलनी! इथली बहुतेक घरं पगारावर बांधली गेली. प्राध्यापक, बँकेतले, झेडपीतले, कंपनीतले. घराच्या हप्त्यासारखी महिन्याची खात्री इथे हवेत असते. अशा ठिकाणी बी.कॉम.च्या मुलाने उद्योजकतेच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला नाव घातलं, की घरचे आधी विचारतात, ‘स्पर्धा परीक्षेचं काय झालं?’

आपल्याकडच्या या अभ्यासक्रमांचं मूळ शोधत गेलं की आपण आंध्रच्या किनाऱ्यावर काकिनाड्याला पोचतो. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६१ मध्ये ‘द अचीव्हिंग सोसायटी’ हे पुस्तक लिहिलं. काहीतरी स्वतःच्या बळावर करून दाखवण्याची ओढ ज्या समाजात जास्त, तो पुढे जातो, असा त्यांचा सिद्धांत. मग ही ओढ शिकवून वाढवता येईल का? १९६४ पासून काकिनाड्यातल्या व्यापारी-उद्योजकांच्या तुकड्या हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत नेल्या गेल्या. साधारण दहा दिवसांचं शिबिर. चित्र बघून गोष्टी लिहायच्या, आपली ध्येयं कागदावर मांडायची, आणि तो प्रसिद्ध रिंग फेकण्याचा खेळ खेळायचा. एक खुंटी असते, तुमच्या हातात रिंगा असतात, आणि किती अंतरावर उभं राहायचं ते तुम्हीच ठरवायचं. अगदी जवळ उभा राहणारा धोका टाळतो, फार लांब जाणारा नशिबावर सोडतो, मधलं अंतर निवडणारा हिशोबी धोका घेतो. तोच उद्योजक.

हा खेळ आजही देशभरच्या उद्योजकता शिबिरांत खेळला जातो. इंजिनिअरिंगला व्यवस्थापनाचा एक पेपर असायचा, त्यात आम्ही मॅक्लेलंड पाच मार्कांसाठी पाठ केला होता. खेळ गमतीचा आहे, नाकारण्याचं कारण नाही. पण त्यात रिंग चुकली तर उठून परत आणता येते. गाळ्याचं थकलेलं भाडं तसं आणता येत नाही.

मॅक्लेलंड आणि डेव्हिड विंटर यांनी १९६९ मध्ये या प्रयोगाचा अहवाल पुस्तकरूपाने मांडला. शिबिर केलेल्यांनी न केलेल्यांपेक्षा पुढे जास्त हालचाल केली, नवी गुंतवणूक केली, माणसं कामाला ठेवली, हा त्याचा गाजलेला निष्कर्ष. त्यातला कमी गाजलेला भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. शिबिराचा परिणाम दिसला तो प्रामुख्याने त्यांच्यात, ज्यांच्या हाती धंद्याची सूत्रं होती. जे वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या पेढीत दुय्यम होते, त्यांच्या मनात ओढ निर्माण झाली तरी गल्ल्याची किल्ली दुसऱ्याकडे होती. शिवाय ही सगळी धंद्यात मुरलेली माणसं होती. हेच शिबिर जसंच्या तसं उचलून विशीतल्या, खिशात बसपास असलेल्या विद्यार्थ्यापुढे ठेवलं, तेव्हा प्रयोगाचा अर्धा भाग मागेच राहिला.

गुजरातने काकिनाड्याकडून धडा घेतला, पण सुरुवात दुसऱ्या टोकाने केली. तिथल्या औद्योगिक महामंडळांनी १९७० च्या सुमाराला तंत्रज्ञांसाठी एक कर्जयोजना काढली, तारण नसलेल्या तंत्रज्ञाला प्रकल्पाचा पूर्ण खर्च कर्जाऊ देणारी. पैसे द्यायचे ठरल्यावर प्रश्न आला, माणसं निवडायची कशी आणि ती बुडू नयेत म्हणून त्यांना काय शिकवायचं? या गरजेतून व्ही. जी. पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे तीन महिन्यांचं प्रशिक्षण बसवलं. कारखान्याला नवा माणूस तयार करायचा तसं नव्हे. परवाना, जागा, यंत्र, कच्चा माल, बाजार यांच्यामागे सहभागी स्वतः पळतोय आणि शिकवणारे सोबत आहेत, असं. त्यातून पुढे १९८३ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय पातळीवरची उद्योजकता विकास संस्था उभी राहिली. महाराष्ट्रानेही १९८८ मध्ये औरंगाबादला महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र स्थापलं आणि त्याचं काम जिल्ह्याजिल्ह्यांत पसरलं.

गुजरातमध्ये आधी कर्ज आलं आणि त्याच्या काळजीपोटी शिक्षण आलं. नंतरच्या सरकारी योजनांत हा क्रम हळूहळू उलटला. २००८ पासूनच्या पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात अनुदान मिळवायला उद्योजकता प्रशिक्षणाची अट आहे. अट घालणाऱ्याचा हेतू चांगला असेल. व्यवहारात प्रशिक्षण हे फाइलीला लावायचं एक प्रमाणपत्र झालं. अनुदानाची रक्कमही हातात पडत नाही, ती तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकून राहते.

माझा एक मावसभाऊ नागापूरला सीएनसी ऑपरेटर होता. डिप्लोमा झालेला, हात स्वच्छ, मशीनच्या आवाजावरून टूल झिजलंय हे सांगणारा. त्याने स्वतःच्या गाळ्यासाठी असंच एक दहा दिवसांचं शिबिर केलं. रिंग त्यानेही फेकली, मधल्या अंतरावरून. शेवटच्या दिवशी त्याने प्रश्न विचारला, ‘सर, पार्टी पेमेंट किती दिवसांनी देते?’ उत्तर मिळालं की नकारात्मक विचार सोडा. तो अजूनही ऑपरेटरच आहे, कंपनी तेवढी बदलली. त्याच्यात ओढ कमी होती असं मला वाटत नाही. त्याने विचारला तो प्रश्न संपूर्ण शिबिरातला एकमेव धंद्याचा प्रश्न होता.

आपल्या जिल्ह्यात उद्योग उभेच राहिले नाहीत असं नाही. उलट साऱ्या देशाने बघायला यावं असा एक उभा राहिला. प्रवरेच्या कालव्यांमुळे ऊस आला, पण साखर खासगी कारखान्यांची होती. बेलापूर कंपनीसारख्यांच्या दाराशी शेतकरी ऊस घेऊन उभा राहायचा आणि भाव समोरचा सांगायचा, विणकर आणि व्यापारी यांच्यासारखंच. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांचं शिक्षण प्राथमिक शाळेपलीकडे फारसं गेलं नव्हतं. उद्योजकता हा शब्दही त्यांच्या कानावर तेव्हा आला नसेल. त्यांच्या जोडीला होते अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ, पुण्याच्या गोखले संस्थेचे. १९५० मध्ये प्रवरानगरला शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि गाडगीळ त्याचे अध्यक्ष झाले.

या घटनेचं वर्णन बहुतेकदा एका द्रष्ट्या पुरुषाची कहाणी म्हणून होतं. विखे पाटील मोठेच होते. पण भांडवल कसं जमलं ते बघा. अनेक गावांतल्या शेतकऱ्यांनी थोडेथोडे शेअर घेतले, मुंबई सरकारने स्वतः भागभांडवल घातलं, नव्या औद्योगिक वित्त महामंडळाने कर्ज दिलं. कारखाना बुडाला असता तर एकही घर त्याच्याखाली पूर्ण चिरडलं गेलं नसतं. धोका पातळ करून पसरवला होता, आणि ऊस पिकवणाराच मालक असल्याने भाव ठरवण्याची जागाही त्याच्याकडे आली. पुढे सहकारात काय काय झालं, कोणाची घराणी झाली, ते आपण रोज वाचतो. त्याने १९५० चा हिशोब खोटा ठरत नाही.

नगरच्याच फिरोदियांचं उदाहरण वेगळं दिसतं, पण आत तोच हिशोब आहे. कुंदनमल फिरोदिया नामांकित वकील, पुढे मुंबई विधानसभेचे अध्यक्ष. त्यांच्या नवलमल आणि हस्तीमल या मुलांनी रिक्षा, टेम्पो आणि मग लूनापर्यंत वाहनउद्योग वाढवला. लूना १९७२ ची, आणि नगरला तिचा कारखाना ही आमच्या आधीच्या पिढीच्या अभिमानाची गोष्ट. कर्तृत्व वादातीत. पण एखादी उडी फसली तरी या घरावर जप्ती येणार नव्हती.

प्रवरेत कारखाना आधी झाला, कॉलेजं मागाहून. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं आणि त्याच वर्षी लोणीलाही इंजिनिअरिंग कॉलेज निघालं. त्या धोरणातून निघालेल्या कॉलेजांनी माझ्यासारखे हजारो अभियंते तयार केले, आणि आम्ही पुण्याला जाऊन नोकऱ्या धरल्या.

मग आली कम्युनिटी कॉलेजं. कल्पना अमेरिकन. इलिनॉयमधल्या जोलिएटला १९०१ मध्ये पहिलं सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज निघालं. १९४७ मध्ये ट्रूमन यांच्या उच्चशिक्षण आयोगाने ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ केलं. जवळचं, स्वस्त, दोन वर्षांचं, गावातल्या कामधंद्याशी जोडलेलं शिक्षण. भारतात पहिलं पाँडिचेरीला १९९५ मध्ये सुरू झालं, आणि २०१३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी योजना आणली. आधीपासूनच्या कॉलेजांतच हे वर्ग चालायचे. अभ्यासाचा मोठा हिस्सा कौशल्याचा, उरलेला सामान्य शिक्षणाचा, आणि स्थानिक उद्योगाशी करार आवश्यक.

तो करारच मला कळीचा वाटतो. स्थानिक उद्योगाला विचारून अभ्यासक्रम आखला, तर उद्योग काय मागेल? कामगार मागेल. स्वतःचा भावी स्पर्धक घडवून द्या असं कोण म्हणेल? त्यामुळे या अभ्यासक्रमांत उद्योजकता येते ती एका पेपरापुरती. व्याख्या, प्रकार, गुण, यशोगाथा, आणि शेवटी कुणाचा तरी कॉपी केलेला प्रकल्प अहवाल. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’मध्ये विद्यार्थी निदान खरं काम करून खरी कमाई करत. योगायोग असा की बेरियातलं कॉलेजही जवळजवळ तसंच आहे. तिथे १८९२ पासून शिकवणीची फी घेत नाहीत आणि प्रत्येक विद्यार्थ्याला काम करावं लागतं. पण दोन्हीकडे विद्यार्थी काम करतो, तासाची मजुरी मिळवतो. माल विकण्याची झोप उडवणारी बाजू संस्थाच सांभाळते.

कम्युनिटी कॉलेजच्या वर्गात ती बाजू आणता येणार नाही असं नाही. सावेडीतल्या वर्गाला दहा मिनिटांवर एमआयडीसी आहे. तिथल्या लहान गाळ्यांच्या वह्या उघडल्या तर एक पूर्ण सत्र भरेल. जॉबवर्कचा दर कसा ठरतो, रिजेक्शन कोणाच्या खात्यावर टाकतात, जीएसटी आधी भरायचा आणि पैसे नंतर यायचे तेव्हा मधले महिने कशावर काढायचे. २००६ च्या एमएसएमई कायद्याने नोंदणीकृत सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला सांगितलं आहे. मावसभावाच्या प्रश्नाचं कायद्यातलं उत्तर हेच होतं, आणि ते शिबिरात सांगायला एक मिनिट लागलं असतं.

अर्थात दुसऱ्या मिनिटाला पुढचंही सांगावं लागलं असतं. त्या ४५ दिवसांना दात यावेत म्हणून प्राप्तिकर कायद्यात कलम ४३ब मध्ये भर घातली गेली: मुदतीत पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करता येणार नाही. हे २०२४-२५ च्या कर आकारणी वर्षापासून लागू झालं. त्यानंतर काही महिन्यांतच देशभरातून बातम्या येऊ लागल्या की मोठे खरेदीदार लहान पुरवठादारांना सांगताहेत, ऑर्डर हवी असेल तर तुमची ‘उद्यम’ नोंदणी रद्द करून या.